पॅकिंग दाबावर धरतं

मंडळी, जुन्या गाडीचं इंजिन गळायला लागलं की पहिला आळ पॅकिंगवर, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातल्या गॅस्केटवर येतो. हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, कडेनं पाणी आलं, बदला पॅकिंग. चेंबरला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) तेल सुटलं, बदला पॅकिंग. नवीन बसतं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच रडगाणं. माझ्या मते यात पॅकिंग बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. दोन सपाट तोंडांमध्ये सगळीकडून सारखं दाबलं गेलं तरच ते धरतं.

हेडला केवढा जोर सोसायचा असतो, त्याचा हिशोब करून बघा. सिलिंडरचा व्यास ७५ मिमी असेल तर क्षेत्रफळ साधारण ४४ चौरस सेंटिमीटर येतं. जळणाऱ्या वायूचा दाब चौरस सेंटिमीटरला ३५ किलो धरला, तर प्रत्येक पॉवर स्ट्रोकला हेड उचलू पाहणारा जोर दीड टनावर जातो. त्याला फक्त स्टड (ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागात, रोवलेले आट्यांचे दांडे) आणि नट अडवून धरतात.

म्हणून खरं काम सुरू होतं साफसफाईपासून. जुनं पॅकिंग खरवडताना एक सांभाळा. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. कोरडं खरवडू नका, त्यावर वायर ब्रश फिरवू नका, हवा तर मुळीच मारू नका. ओलं करून, चांगला मास्क लावून काढा आणि निघालेला चुरा ओला असतानाच पिशवीत बंद करा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पोलादी पातं दूर ठेवा. एक खोल ओरखडा गळतीला पुरतो.

मग सरळ पट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) घ्या. हेडवर पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून बघायची. बहुतेक लहान इंजिनांत पट्टीखालून ०.०५ मिमीचं पातं सरकू लागलं की सावध व्हावं, ०.१० चं गेलं तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर तोंड सपाट करून घ्यायला, द्यावं. ब्लॉककडे मात्र कुणी बघत नाही! वर्षानुवर्षं ताण बसून स्टडच्या भोकाभोवतीचा धातू किंचित वर आलेला असतो. बोटाला जेमतेम लागतो, पण हेड त्याच्यावरच टेकतं आणि पॅकिंगवर दाब येत नाही. भोकाच्या तोंडाशी हलकी उतरती खोबण मारली की तो उंचवटा जातो. नंतर आट्यांतून टॅप (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा आणि तळ बंद असलेल्या भोकांतलं तेल-पाणी टिपून घ्या. ते आत राहिलं आणि वरून बोल्ट कसला, तर अडकलेल्या द्रवाच्या दाबानं ओतीव ब्लॉकला तडा जातो.

काही स्टड थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) उतरतात. १९३२ साली आलेल्या फोर्डच्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये असलेल्या) व्ही-८ मध्ये एकेका हेडला २१ स्टड होते, नंतरच्या इंजिनांत २४. अशा स्टडच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं, नाहीतर पाणी आट्यांवरून चढत नटापर्यंत येतं.

नवीन पॅकिंग ब्लॉकवर ठेवून प्रत्येक भोक जुळवा. पाण्याचं एखादं भोक ब्लॉकमधल्या भोकापेक्षा लहान दिसलं की लगेच कात्री काढू नका. कुठून किती पाणी जावं ते ठरवायलाच ते लहान ठेवलेलं असतं. नुसत्या तांब्याच्या पत्र्याचं पॅकिंग असेल तर मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या. ते पाण्यात बुडवलं काय किंवा हवेत गार केलं काय, तांब्याला फरक पडत नाही.

कसताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टॉर्क रेंचनं (कसण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं), निदान तीन टप्प्यांत. कडेपासून कसलंत तर मधला फुगवटा तिथेच अडकतो.

बाकीची पॅकिंग तशी सोपी, पण त्यांचेही नखरे आहेत. ऑइल पंपाच्या झाकणाखालचा कागद जाड झाला तर गिअरची मोकळीक वाढते आणि तेलाचा दाब पडतो. टॅपेट कव्हरला (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरच्या पत्र्याच्या झाकणाला) कॉर्क बसवण्याआधी पत्र्याची भोकाजवळची दबलेली कड ठोकून सपाट करा, आणि कॉर्क बाहेर फुगेल इतकं आवळू नका. पॅकिंगला फासायच्या सिलिकॉनच्या पेस्टचा तर मला रागच आहे. बाहेरून जेवढं ओघळलेलं दिसतं, तेवढंच आतही ओघळतं, सुटून तेलात पडतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. मग बेअरिंग गेली की दोष तेलाला!

जुन्या पद्धतीचं हेड पॅकिंग पहिल्यांदा तापल्यावर बसतं, म्हणजे पातळ होतं. इंजिन पूर्ण गार झालं की एकेक नट त्याच क्रमानं किंचित सैल करून पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणा. सैल न करता नुसता पाना लावलात तर जागीच धरलेला नट खोटा आकडा दाखवतो. व्हॉल्व्ह हेडमध्ये असतील तर हेड खाली बसताना रॉकर शाफ्टही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) खाली येतो, रॉकरला खालून ढकलणारा पुशरॉड मात्र तेवढाच राहतो, आणि टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, फट कमी होते. ती त्याच वेळी पुन्हा लावून घ्या, नाहीतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळते.