हरणं चरायची थांबली तेव्हा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मला बोलावलंत, त्यातही पत्रिकेवर 'अद्भुत कादंबऱ्या आणि आपली लाज' असा विषय छापलात, याचा मला मनापासून आनंद झालाय. ही लाज आली कुठून, अद्भुत वाचून मिळतं काय, आणि एका घरात दोन तऱ्हेचे वाचक कसे नांदतात, एवढं बोलायचं ठरवून आले आहे. पण त्याआधी एक प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही.

वीसेक वर्षं झाली. एका वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एकाने आपल्या आवडीच्या पुस्तकावर बोलायचं असं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी टोल्किन या इंग्रज लेखकाची अंगठीची अद्भुत कादंबरी, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', घेऊन गेले. तीन खंड, पिशवीचा बंद तुटायला आलेला. आठ दिवस टिपणं काढली होती. मी टेबलावर पुस्तकं मांडत होते, तेवढ्यात कट्ट्यावरचे एक ज्येष्ठ गृहस्थ पहिला खंड हातात घेऊन म्हणाले, "ताई, गडबडीत मुलाचं पुस्तक उचलून आणलंत वाटतं?" सगळे हसले. दुष्टपणे नाही हसले, हे मी आजही सांगेन. पण मी त्या दिवशी दहा मिनिटांत आटोपलं. चहा घेताना त्यांनीच मला समजावलं, की वाचन चांगलं आहे हो तुमचं, आता जरा गंभीर काहीतरी घ्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या तिन्ही खंडांना खाकी कव्हरं घातली. मुलांच्या वह्यांना घालतो तशी, कोपरे दुमडून, डिंक लावून. पुढची कितीतरी वर्षं सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मी ती कव्हराआड वाचली. शेजारची बाई विचारायची, "काय वाचताय?" मी म्हणायचे, "ऑफिसचं आहे."

ही माझी तक्रार. आता हिच्याहून फार जुनी एक गोष्ट सांगते. ती आपल्या पैठणची आहे, म्हणजे त्या वेळच्या प्रतिष्ठानची. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्याच्या सुरुवातीलाच ती येते.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः'. म्हणजे मा उदकैः, पाणी उडवू नका. राजाला हा दोन शब्दांचा संधी कळला नाही. त्याने मोदक मागवले! (हसता आहात ना? राणीही हसली.) ते हसू राजाला इतकं लागलं की तो बोलेना, जेवेना, नुसता पडून राहिला. त्याच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता. तो म्हणाला, सहा वर्षांत तुम्हाला व्याकरण शिकवतो. दुसरा, शर्ववर्मा, म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली, की हे जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडेन. शर्ववर्म्याने करून दाखवलं. गुणाढ्य मौन धरून विंध्याच्या अरण्यात निघून गेला. तिथे त्याला पिशाचांची भाषा मिळाली, पैशाची, आणि विद्याधरांच्या अद्भुत कथा मिळाल्या. सात वर्षांत त्याने त्या सात लाख श्लोकांत लिहिल्या. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. आणि शिष्यांच्या हाती त्याच राजाकडे पाठवल्या.

राजाने परत पाठवल्या. एवढं लांबलचक, तेही पिशाचांच्या भाषेत आणि रक्ताने लिहिलेलं, असलं आम्हाला नको. मंडळी, हा तोच राजा, जो एका शब्दापायी लाजेने अंथरुणाला खिळला होता. त्याला नवी भाषा येऊन किती दिवस झाले होते? आणि लगेच तो दुसऱ्याच्या भाषेला नाक मुरडायला मोकळा.

गुणाढ्याने एका टेकाडावर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? रानातली हरणं, डुकरं, रेडे, पाखरं. ती त्याच्याभोवती गोल करून उभी राहिली, चरायची थांबली, डोळ्यांतून पाणी काढत ऐकत राहिली. तिकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळकं येतंय. आचारी म्हणाले, पारधी आणतात तसं आम्ही शिजवतो. पारध्यांनी खरं ते सांगितलं, की रानात कोणी एक ब्राह्मण पानं वाचतो आणि जाळतो, जनावरं चारा सोडून ऐकत बसतात. राजा धावत गेला. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. नरवाहनदत्त नावाच्या राजपुत्राच्या कथेचा एक लाख तेवढा उरला होता, तोही का उरला? गुणाढ्याच्या दोन शिष्यांना तो भाग फार आवडायचा म्हणून!

मला या गोष्टीत जनावरांइतकेच ते दोन शिष्य प्रिय आहेत. त्यांनी कथेची थोरवी सिद्ध केली नाही. आम्हाला आवडते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, आता मुख्य मुद्द्याकडे येते.

लाज आली कुठून? मराठी कादंबरीची सुरुवातच बरीचशी अद्भुतातून झाली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. रिसबूड प्रस्तावनेत सरळ सांगतात, की बालविवाहासारख्या चालींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंगवण्याजोगं काही घडत नाही, रोजचंच लिहिलं तर वाचकाला गोडी लागायची नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये त्याच घरांत शिरून यमूची गोष्ट लिहिली आणि रिसबुडांना जिथे काही दिसत नव्हतं तिथे केवढं दुःख आहे ते दाखवलं. यमू वाचताना मी रडले आहे. हरिभाऊ थोरच. पण त्यानंतर आम्हाला शिकवताना 'अद्भुतरम्य' हा शब्द शेरा म्हणून वापरायला लागले. जणू तो साहित्याचा पाळणा, आणि वास्तव म्हणजे वयात येणं. माझं म्हणणं असं, की रिसबुडांच्या प्रस्तावनेतच वास्तवाचं दुखणं आहे. ज्या घरात श्वास घेता येत नाही तिथला माणूस खिडकी मागतो. ती मागणी पोरकट नाही.

मिळतं काय, हे टोल्किनकडे बघून सांगते. तो पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता, जिवलग मित्र त्याने त्या युद्धात गमावले. परीकथांवरच्या निबंधात त्याने विचारलंय, की तुरुंगातला माणूस घरी जाण्याचा प्रयत्न करत असेल तर त्याला नावं का ठेवायची? माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, मी त्याच कादंबरीतलं, अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम डोंगर चढतात ते प्रकरण वाचत होते. फ्रोडोच्या अंगात त्राण उरत नाही. त्याचं ओझं, ती अंगठी, सॅमला घेता येत नाही, म्हणून तो फ्रोडोलाच पाठीवर घेतो. मी पुस्तक मिटलं, आत गेले आणि आईची कूस बदलायला नर्सबाईंना हात दिला. याहून जास्त मला ते समजावता येणार नाही.

पाच मिनिटं राहिली. घरातल्या दोन वाचकांबद्दल.

माझी आजी श्रावणात नवनाथ भक्तिसार वाचायची. चाळीस अध्याय, चौरंगावर पोथी, उदबत्ती. गोरक्षनाथ पोरांबरोबर चिखलाचा पुतळा करतात, तोंडाने संजीवनी मंत्राचं पाठांतर चाललेलं असतं, आणि पुतळा जिवंत होतो, तेच गहिनीनाथ. तिथे आली की आजीचं बोट ओळीवर थांबायचं आणि ती माझ्याकडे बघायची. तिच्यासाठी ती पोथी होती, देवाचं वाचन. मी मात्र पुढे काय होतं म्हणून जीव मुठीत धरून ऐकायचे. तिने मला कधी म्हटलं नाही, की असं ऐकू नये. मीही तिला कधी म्हटलं नाही, की ही नुसती गोष्ट आहे. एकाच पाटावर दोघी बसायचो.

आणि तरी मी काय केलं? आमच्या ऑफिसात एक तरुण मुलगी होती. जेवणाच्या सुट्टीत ती प्रेमकथा वाचायची, पातळ, चकचकीत कव्हरांच्या. एकदा मी तिला म्हणाले, "अगं, तुझ्या वयात जरा दमाचं काही वाच." तिने पुस्तक ड्रॉवरमध्ये सरकवलं. त्या ड्रॉवरचा आवाज मला अजून ऐकू येतो. खाकी कव्हर घालणारी मी, आणि मीच ते केलं. राजाची गोष्ट मी इतकी लांबवली ती त्यामुळे. दोन दिवसांनी मी तिची माफी मागितली आणि तिच्याकडून एक पुस्तक वाचायला घेतलं. मला ते नाही आवडलं. तिला का आवडतं ते तिने सांगितलं, ते मात्र खूप आवडलं. तिच्या गोष्टीतल्या मुलीला कोणीतरी आधी विचारायचं, तुला काय हवंय, असं ती म्हणाली.

दुसरी चिठ्ठी. हो, थांबते.

जाता जाता एकच. तो पहिला खंड मी बरोबर आणलाय, कव्हर काढून. मराठीतही तो आला आहे, पण ही माझी जुनी प्रत. कोपऱ्यांवर डिंकाचे डाग आहेत, त्याला इलाज नाही. ग्रंथपालबाईंच्या टेबलावर ठेवते. कोणाला न्यायचा असेल त्यांनी वहीत नाव लिहा. सुरुवात संथ आहे, वाढदिवसाच्या तयारीतच बरीच पानं जातात. नाही रमलात तर परत आणून द्या, का ते मी विचारणार नाही. आणि रमलात, तर दुसरा खंड माझ्या घरी आहे.