फेकून द्यायलाच छापलेलं

हे पुठ्ठ्याचं तिकीट बघा, दोन बोटांत मावतंय. तारीख पार पुसलीय, पण 'बॉम्बे व्हीटी' अजून वाचता येतं, आणि व्हीटीचं (व्हिक्टोरिया टर्मिनस, मुंबईचं मोठं स्टेशन) सीएसटी (छत्रपती शिवाजी टर्मिनस) झालं १९९६ मध्ये, म्हणजे हे त्याच्या आधीचं. त्यावर थर्ड क्लास दिसला तर अजून मागे जायचं, कारण थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद झाला. आणि एल्फिन्स्टन रोडचं तिकीट? २०१८ मध्ये त्या स्टेशनचं प्रभादेवी झालं, तोपर्यंत आपणच ते घरी येऊन खिशातून काढून टाकून देत होतो ना.

पुठ्ठ्याच्या तिकिटाची ही पद्धत थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरने काढली, १८३० च्या दशकात. त्याच्या आधी क्लार्क प्रत्येक तिकीट हाताने लिहित बसायचे, वेळ जायचा आणि गल्ल्याचा हिशोब लागायचा नाही. यानं तिकिटावर नंबरच छापून टाकला, मग पहिला नंबर आणि शेवटचा नंबर बघितला की किती विकली ते कळलं. आपल्याकडे पण खिडकीतला माणूस ते मशीनमध्ये सारायचा, खटकन तारीख उमटायची आणि तिकीट हातात. प्रवास संपला की नियमाने ते गेटवर टीसीला देऊन टाकायचं. म्हणजे आज जे हाताला लागतं ते सगळं कसंतरी सुटलेलं, गर्दीत टीसीने मागितलं नाही किंवा कुणी घेतलं आणि गाडीच चुकली, असं.

आता बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या सिटी बसचं तिकीट. फोर्टात फाउंटनजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, ती चाळताना मध्येच पातळ कागदाचं तिकीट निघतं, वाचणाऱ्याने खूण म्हणून ठेवलेलं. त्यावर स्टेजचे, म्हणजे भाड्याच्या टप्प्यांचे आकडे असतात आणि कंडक्टरच्या पंचचं भोक. मला ते भोक सगळ्यात जास्त आवडतं. तिकीट छापखान्यात हजारोंनी छापलं असेल पण हे भोक त्या एका माणसाच्या त्या दिवसाच्या प्रवासाचं आहे. पोस्टाचं तिकीट किंवा नाणं काढतानाच सरकारला माहीत असतं की लोक हे जपणार, म्हणून त्यावर मोठी माणसं, मोठे प्रसंग येतात. बसच्या तिकिटावर कोण कशाला काय सजवणार, भाडं किती आणि स्टेज कुठली एवढंच, आणि साधा माणूस कामावर जायला किती पैसे मोजत होता ते तिथेच सापडतं.

काडेपेटीचे छाप, लग्नाच्या पत्रिका, सिनेमाची अर्धी फाडलेली तिकिटं हे पण सगळं जमवणारे आहेतच. पण मुंबईत ट्रामचं तिकीट मिळालं तर जमवणाऱ्याची झोपच उडते, कारण ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली आणि त्यानंतर नवीन तिकीट छापलं जाण्याचा प्रश्नच नाही. मुंबईत 'आणिक' नावाच्या बस आगारात बेस्टचं म्युझियम आहे, एकदा जाऊन या खरंच.

आणि मला खरी काळजी आहे ती आत्ताच्या तिकिटांची. कंडक्टरच्या मशीनमधून येतो तो थर्मल कागद, त्यात शाई नसते, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो आणि अक्षरं दिसतात, मग ऊन लागलं, तेलकट बोट लागलं, पाकिटातल्या प्लास्टिकच्या कप्प्यात राहिलं की हळूहळू कोरं. चाळीस वर्षांपूर्वीचं पंच केलेलं तिकीट आज स्पष्ट वाचता येतं आणि मागच्या वर्षीचं येत नाही! मोबाइलवरच्या तिकिटाचं तर काय राहणार.

जुलै २०१९ पासून मे २०२५ पर्यंत बेस्टचं कमीत कमी भाडं ५ रुपये होतं, आता १० आहे. ते पाच रुपयेवालं तिकीट जुन्या बॅगेत, छत्रीच्या कव्हरमध्ये कुठे राहिलंय का बघा, आणि सापडलं तर लॅमिनेशनला अजिबात देऊ नका, त्या गरम रोलरमध्ये अख्खं काळं पडतं. आधी झेरॉक्स काढून घ्या, मागे बस नंबर आणि तारीख पेन्सिलने लिहा, आणि मूळ तिकीट साध्या कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा, उजेड लागणार नाही असं.