पहिल्या अर्ध्या तासाचं पाणी

मॅसॅच्युसेट्समधलं भंगाराचं आवार. मोडीत निघालेल्या गाड्या, इंजिनं, पत्र्यांचे ढीग. चार कोरड्या दिवसांनंतर पाऊस धरला आहे. पाणी आवारभर फिरून जाळीत पडतं आणि पाइपातून नदीत उतरतं. वाटेत शुद्धीकरण केंद्र नाही. म्हणून या पाण्यालाही परवाना लागतो.

अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यात ही तरतूद १९८७ साली आली, नियम १९९० मध्ये. बहुतेक राज्यं हे परवाने स्वतः देतात. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र ते काम केंद्राची ईपीए, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्था, करते. अर्ज करण्याआधी आराखडा तयार हवा: पाणी कुठून कुठे वाहतं, उघड्यावर काय पडलंय, बाहेर पडण्याच्या जागा किती.

खरी परीक्षा नमुन्याची. २०२१च्या परवान्यानुसार, आधीच्या विसर्ग करणाऱ्या पावसाला किमान ७२ तास झालेले हवेत आणि पाणी बाहेर पडू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत नमुना घ्यायला हवा. साचलेली धूळ आणि तेल याच लोंढ्यात येतं. तासाभरानं भरलेली बाटली स्वच्छ दिसेल, पण ती आवाराची खरी स्थिती सांगणार नाही.

बाटलीचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे धरा. तळाचा गाळ ढवळू नका. धातू तपासायच्या बाटलीत प्रयोगशाळेनं आधीच नायट्रिक आम्ल घातलेलं असतं. ती विसळायची नाही, ओसंडून भरायची नाही. सामू १५ मिनिटांच्या आत, जागेवरच मोजायचा. बाकीच्या बाटल्या बर्फात. आणि जस्ताचा मुलामा असलेली बादली चुकूनही वापरू नका, कारण शोधायचं आहे ते जस्तच.

भंगाराच्या आवारासाठी गाळाची इशारा-पातळी लिटरला १०० मिलिग्रॅम, सीओडीची (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या मोडायला लागणाऱ्या ऑक्सिजनची) १२०. शिवाय ॲल्युमिनियम, तांबं, शिसं, जस्त यांच्याही पातळ्या ठरलेल्या आहेत. चार तिमाह्यांची सरासरी या पातळीच्या वर गेली, तर १४ दिवसांत आराखडा तपासून उपाय सुधारावे लागतात. दंड लगेच होत नाही. पण हात बांधून बसलात, तर तो परवान्याचा भंग ठरतो.

जस्त वाढलं की सगळे ढिगाऱ्याकडे बोट दाखवतात. आधी वर बघा. छपराचे जस्ती पत्रे, पन्हाळ, तारेचं कुंपण यांतूनही जस्त सुटतं. पन्हाळीच्या तोंडाशी वेगळी बाटली भरली की दोषी कोण ते कळतं. दोष छपराचा निघाला, तर पत्र्यांना रंगाचा लेप द्यावा लागेल; आवार कितीही झाडलं तरी आकडा उतरणार नाही.

झाडायचं तेही कोरडंच, शक्यतो धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रानं. पाइप लावून आवार धुतलं, तर ते पावसाचं पाणी उरत नाही, आणि या परवान्यात असं धुण्याचं पाणी नाल्यात सोडता येत नाही. जाळीखालच्या कुंडीत गाळ दोन-तृतीयांश भरला की ती उपसायचीच. त्याच्या वर चढलेला गाळ पुढच्या जोराच्या सरीत उसळून नदीत जातो.