मोठ्या कॉन्फरन्समध्ये जाऊन रटगर्सने काय मिळवले?

(न्यू जर्सीतील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांची मुले रटगर्समध्ये, म्हणजे न्यू जर्सीच्या राज्य विद्यापीठात, शिकत आहेत किंवा तिथून शिकून बाहेर पडली आहेत. त्यामुळे आजचा प्रश्न तुम्हाला दूरचा वाटू नये. आपल्या फीतला काही भाग विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जातो हे पालकांना ठाऊक असते. तो पैसा कशासाठी जातो आणि विद्यापीठाने एवढा खटाटोप करून ‘बिग टेन’ या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या क्रीडा-गटात, जागा मिळवली त्याचे फळ काय मिळाले, हे मात्र फारसे कोणी नीट उलगडून सांगत नाही. मी आज तोच प्रयत्न करणार आहे आणि माझे मत आधीच सांगून टाकतो. बलाढ्य कॉन्फरन्समध्ये गेल्याचा फायदा सरसकट सगळ्या खेळांना होत नाही. ज्या खेळात राष्ट्रीय स्पर्धेचे दार पुरेसे रुंद आहे, म्हणजे बलाढ्य कॉन्फरन्सच्या मधल्या फळीलाही तिथून आत जाता येते, त्या खेळाला फायदा होतो. जिथे दार अरुंद आहे तिथे नवा पाहुणा बहुतेक वेळा यजमानांच्या विजयांची भरती करण्याच्या कामी येतो.

कॉन्फरन्स म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. काही विद्यापीठे एकत्र येऊन आपापसांत सामने खेळतात, विजेता ठरवतात आणि दूरचित्रवाणीचे हक्क एकत्रितपणे विकून मिळालेला पैसा वाटून घेतात. हा शेवटचा भाग १९८४ नंतर निर्णायक ठरला. त्याआधी कॉलेज फुटबॉलच्या (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) प्रक्षेपणावर एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेची पकड होती. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या बाजूने लागलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली आणि तेव्हापासून कोण कोणाबरोबर खेळणार हे भूगोल आणि जुन्या वैरापेक्षा वाहिन्यांच्या हिशेबावर ठरू लागले.

रटगर्सची निवड याच हिशेबातून झाली. वास्तविक या विद्यापीठाचा फुटबॉलमधला मान मोठा आहे. अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी इथेच न्यू ब्रन्सविकमध्ये झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. परंतु नोव्हेंबर २०१२ मध्ये बिग टेनने मेरीलँड विद्यापीठापाठोपाठ रटगर्सला बोलावले ते या इतिहासासाठी नव्हे. कॉन्फरन्सची स्वतःची वाहिनी होती आणि त्या काळी घराघरांत केबल होती. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतल्या लाखो केबल ग्राहकांच्या मासिक बिलात त्या वाहिनीची रक्कम धरली जावी, हा त्यामागचा व्यवहार होता. सामना पाहा अगर न पाहा, बिलात पैसे जाणारच. रटगर्सच्या मैदानावरच्या कामगिरीपेक्षा रटगर्सच्या अंगणातली घरे महत्त्वाची होती, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप समजते.

२०१४ मध्ये प्रत्यक्ष खेळ सुरू झाला. पहिले वर्ष बरे गेले. मिशिगनला २६-२४ असे हरवले, एकूण आठ सामने जिंकले आणि लोकांना वाटले की आपण या पंगतीला बसण्याच्या लायकीचे आहोत. त्यानंतर जे झाले ते सांगताना मला आजही वाईट वाटते. २०१४ ते २०१९ या सहा हंगामांत रटगर्सच्या फुटबॉल संघाने बिग टेनमधले ५२ सामने खेळले आणि ७ जिंकले. २०१६, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांत तर एकही नाही. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच मिशिगनने पिस्कॅटवेला, रटगर्सच्या घरच्या मैदानावर येऊन, ७८-० असा विजय मिळवला. पराभवांची साखळी ऑक्टोबर २०२० मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध तुटली तेव्हा बिग टेनमधले सलग २१ सामने हरून झाले होते. हाच संघ २००६ मध्ये, बिग ईस्ट या आपल्या जुन्या कॉन्फरन्समध्ये असताना, अपराजित लुइव्हिलला हरवून अकरा विजयांपर्यंत पोहोचला होता.

प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, दोष ज्याचा त्याचा काढला गेला. पण मुळातले गणित कोणाच्या हातात नव्हते. कॉन्फरन्सच्या आत विजयांची संख्या ठरलेली असते. आज बिग टेनमध्ये १८ संघ आहेत आणि प्रत्येकाचे नऊ सामने कॉन्फरन्समध्येच होतात, म्हणजे अंतिम सामना सोडला तर एकूण ८१ सामने आणि बरोबर ८१ विजय. कोणी कितीही खर्च केला, कितीही मोठी व्यायामशाळा बांधली तरी ब्याऐंशिवा विजय निर्माण होत नाही. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट हे त्यातला मोठा वाटा बहुतेक वर्षी उचलतात. उरलेल्यात बाकीच्यांची ओढाताण चालते आणि जो सर्वात उशिरा व सर्वात कमी पैसा घेऊन आला त्याच्या ताटात सर्वात कमी पडते.

कमी पैसा हा शब्द मी जाणून वापरतो आहे, कारण नव्याने येणाऱ्याला पूर्ण वाटा लगेच मिळत नाही. रटगर्सला तो मिळायला सहा-सात वर्षे लागली. बिग ईस्टमधून बाहेर पडण्यासाठीच १ कोटी १५ लाख डॉलर द्यावे लागले आणि मेरीलँडला तर आपली जुनी कॉन्फरन्स सोडताना ३ कोटी १४ लाख डॉलरवर पाणी सोडावे लागले. उत्पन्न टप्प्याटप्प्याने येत होते, खर्च मात्र पहिल्या दिवसापासून बिग टेनच्या मापाचा होता. प्रशिक्षकांचे पगार, सरावाची दालने, प्रवास, यांत हात आखडता घेतला तर स्पर्धेतून बाहेर पडायची भीती. त्यामुळे क्रीडा विभाग वर्षानुवर्षे तुटीत राहिला आणि ती तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून व विद्यार्थ्यांच्या फीतून भरली गेली.

मग फुटबॉलमध्ये वर गेलेल्या कोणाचेच भले झाले नाही का? झाले, आणि कोणाचे झाले हे पाहण्यासारखे आहे. युटा विद्यापीठ २०११ मध्ये पॅक-१२ या पश्चिमेकडच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले. तेही २०१२ आणि २०१३ मध्ये सातसात सामने हरले, परंतु २०२१ आणि २०२२ मध्ये त्यांनी लागोपाठ कॉन्फरन्सचे अजिंक्यपद मिळवले. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले, दुसऱ्याच वर्षी आठ सामने हरले, आणि दहा वर्षांनी राष्ट्रीय अंतिम सामन्यात जॉर्जियासमोर उभे राहिले. तिथे ६५-७ असा दणका बसला हे खरे, पण तिथवर पोहोचले. या दोघांचे वैशिष्ट्य असे की, जुन्या घरात ते केव्हाच मावेनासे झाले होते. युटाने २००८ चा हंगाम अपराजित राहून अलाबामाला हरवून संपवला होता, तर टेक्सास ख्रिश्चनने २०१० चा हंगाम अपराजित राहून ‘रोझ बोल’ या मानाच्या सामन्यात विस्कॉन्सिनला हरवून. रटगर्स बिग ईस्टमध्ये एकदाही निर्विवाद विजेता झाला नव्हता. जो खालच्या वर्गात पहिला येत होता तो वरच्या वर्गात दोन वर्षे धडपडून सावरतो. जो तिथेही मधे होता त्याचे हाल होतात.

आता ज्या खेळाबद्दल मला सर्वात आपुलकीने बोलायचे आहे तो खेळ म्हणजे कुस्ती. आपल्याकडे तालमीत जोड तगडी असली तरच पैलवान तयार होतो म्हणतात, आणि बिग टेन ही कॉलेज कुस्तीची या देशातली सर्वात तगडी तालीम आहे. आयोवा आणि पेन स्टेट या दोन नावांवरच कित्येक राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. रटगर्सचे मल्ल २०१५ पासून जानेवारी-फेब्रुवारीत अशा संघांशी झुंजू लागले. मार्च २०१९ मध्ये पिट्सबर्गला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत निक सुरियानोने १३३ पौंडांच्या गटात, ओक्लाहोमा स्टेटच्या डेटन फिक्सविरुद्ध जादा वेळेत गेलेली अंतिम कुस्ती जिंकली, आणि त्याच रात्री १४९ पौंडांच्या गटात अँथनी अॅशनॉल्टने ओहायो स्टेटच्या मल्लाला हरवले. रटगर्सच्या कुस्तीच्या इतिहासातले हे पहिले दोन राष्ट्रीय विजेते. अॅशनॉल्ट साउथ प्लेनफील्डचा, म्हणजे एडिसनच्या शेजारचा मुलगा. न्यू जर्सीच्या शाळांमधली कुस्ती मुळातच उत्तम आहे. पूर्वी इथली चांगली मुले पेन्सिल्व्हेनिया आणि मध्य-पश्चिमेकडे निघून जात. सुरियानो तर पेन स्टेटला जाऊन परत आपल्या राज्यात आला.

इथे कारण नीट समजून घ्यायला हवे. राष्ट्रीय कुस्ती स्पर्धेत दहा वजनगट आणि प्रत्येक गटात ३३ मल्ल असतात. कोणत्या कॉन्फरन्सला कोणत्या गटात किती जागा, हे तिच्या मल्लांच्या त्या हंगामातल्या कामगिरीवर ठरते. त्यामुळे बिग टेनच्या स्पर्धेत सहावा-सातवा आलेला मल्लही राष्ट्रीय आखाड्यात उतरू शकतो. हरण्याची किंमत इथे बाद होणे नसते, आणि प्रत्येक हरलेल्या कुस्तीतून काहीतरी शिकायला मिळते.

बास्केटबॉलचेही तसेच. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात. २०२१ मध्ये रटगर्सच्या पुरुष संघाने कॉन्फरन्समध्ये दहा सामने जिंकले, दहा हरले, म्हणजे अगदी मधला संघ. तरीही १९९१ नंतर प्रथमच त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळाला, कारण त्या वर्षी बिग टेनचे नऊ संघ निवडले गेले होते. पहिल्या फेरीत त्यांनी क्लेमसनला हरवलेही. फुटबॉलमध्ये २०१४ ते २०२३ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदासाठी चार संघ घेत, साऱ्या देशातून चार. मधल्या संघाला तिथे जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. २०२४ पासून ती संख्या बारा झाली आणि चित्र पालटू लागले. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या पैशाचा वाटा घेणार नाही असे कबूल करून एसीसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये जागा मिळवली होती. पहिल्याच वर्षी त्यांनी कॉन्फरन्समधले आठही सामने जिंकून त्या बारांत प्रवेश केला. पण त्याच वर्षी बॉयझी स्टेट माउंटन वेस्टसारख्या छोट्या कॉन्फरन्सचे विजेते म्हणून तिथे पोहोचले, हेही विसरू नये.

छोट्या घरात राहून मोठे होता येते याची आणखी दोन उदाहरणे देतो. स्पोकेनचे गोंझागा विद्यापीठ कित्येक दशके वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये राहिले आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ व २०२१ चे अंतिम सामने खेळले. कॉन्फरन्सबाहेरचे सामने ते मुद्दाम देशातल्या मातब्बर संघांशी ठरवत. दुसरे उदाहरण आपला शेजारी कनेक्टिकट. बिग ईस्ट फुटली तेव्हा रटगर्सला वरची जागा मिळाली आणि कनेक्टिकट मागे राहिले. फुटबॉलसाठी काही वर्षे दुय्यम कॉन्फरन्समध्ये काढून शेवटी २०२० मध्ये त्यांनी फुटबॉल वेगळा ठेवला आणि बाकीचे खेळ नव्या बिग ईस्टमध्ये परत नेले. २०२३ आणि २०२४ मध्ये त्यांचा पुरुष बास्केटबॉल संघ लागोपाठ राष्ट्रीय विजेता झाला. जे ‘मागे’ राहिले त्यांच्या भिंतीवर विजेतेपदाचे ध्वज आहेत.

तरीही रटगर्सने जाऊ नये होते असे मी म्हणणार नाही, आणि याला कारण आहे पॅक-१२ ची वाताहत. १९१५ पासूनची परंपरा सांगणारी ती कॉन्फरन्स २०२२ च्या जूनपासून सुमारे सव्वा वर्षात मोडली. दक्षिण कॅलिफोर्नियातली दोन मोठी विद्यापीठे गेली, मग ओरेगन, वॉशिंग्टन आणि इतर गेले. मागे राहिले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोघांचेही खेळात काही वाईट चालले नव्हते. ‘आहोत तिथेच सुखात राहू’ हा पर्याय त्यांच्यासमोरून काढून घेतला गेला. रटगर्सला बिग टेनने जे दिले त्यातला सर्वात मोलाचा भाग कदाचित हाच असेल की उद्या कोणी त्यांना रस्त्यावर सोडून जाणार नाही.

त्याची किंमत आता बाकीचे खेळाडू मोजत आहेत. पश्चिम किनाऱ्यावरचे चार संघ आल्यापासून पिस्कॅटवेची सॉफ्टबॉल खेळणारी किंवा व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी लॉस एंजेलिस आणि सिअॅटलला सामन्यांना जाते. सहा तासांचे विमान, तीन तासांचा काळफरक, आणि परतल्यावर सकाळी प्रयोगशाळा. या मुलींचे सामने पाहायला वाहिनी कोट्यवधी डॉलर देत नाही. फुटबॉलच्या करारासाठी त्यांचे वेळापत्रक आखले जाते, आणि हे मला मनापासून अन्यायाचे वाटते. खेळाडूंच्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२५-२६ मध्ये, ही मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती आणि त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल व पुरुष बास्केटबॉलकडे जातो. तो भार पुन्हा याच लहान खेळांच्या अंगावर पडेल अशी मला धास्ती आहे.

हे बदलता येण्यासारखे आहे आणि त्याचा नमुना बिग टेनमध्येच आहे. बॉल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स हे विद्यापीठ बहुतेक सर्व खेळ एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत, जवळपासच्या कॉलेजांशी खेळते, पण लॅक्रोस या जाळीदार काठीने खेळायच्या खेळापुरते ते बिग टेनचे सदस्य आहे. एका खेळापुरते सदस्यत्व नियमांत बसते, चालते आणि टिकते. मग फुटबॉल, बास्केटबॉल आणि कुस्ती बिग टेनमध्ये ठेवून सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, टेनिस यांना न्यू यॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, कनेक्टिकट, मेरीलँड इथल्या संघांशी बसने जाऊन खेळता येईल अशी व्यवस्था का करू नये? तुमच्यापैकी ज्यांची मुले तिथे फी भरतात त्यांनी विद्यापीठाच्या विश्वस्तांना हा प्रश्न लेखी विचारावा, अशी माझी विनंती आहे.