विचारलं कुणाला, विचारलं कसं

(पडद्यावर : टपालाच्या पिशव्या, मतपत्रिकांचे गठ्ठे)

१९३६ साल. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने जनमताचा कौल आजमावायला सुमारे १ कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका धाडल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्या मोजून साप्ताहिकाने निकाल सांगून टाकला : रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार.

प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी जिंकली.

पत्ते गोळा केले होते ते बरेचसे टेलिफोनच्या आणि मोटार-नोंदणीच्या याद्यांमधून. महामंदीच्या त्या दिवसांत फोन आणि मोटार कुणाकडे असणार? सुखवस्तू लोकांकडेच, आणि त्यांचा कल लँडनकडे. शिवाय आठवणीने मतपत्रिका परत पाठवणाऱ्यांत रुझवेल्टवर नाराज असलेलेच अधिक. त्याच निवडणुकीत मतचाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता अचूक सांगितला. त्यांनी माणसं निवडताना समाजातल्या सगळ्या थरांचं प्रमाण सांभाळलं होतं. पुढे शास्त्र आणखी काटेकोर झालं. प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी असेल, तर हजारभर माणसांवरूनही साधारण तीन टक्के इकडे-तिकडे धरून कौल सांगता येतो, मग देश लहान असो की अवाढव्य.

पण माणसं नीट निवडली म्हणजे झालं, असं नाही.

(पडद्यावर : दोन प्रश्न, शेजारी शेजारी)

१९४१ मधला अमेरिकेतला हा प्रयोग पाहा. एका गटाला विचारलं : लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना परवानगी द्यावी का? ६२ टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला विचारलं : अशा भाषणांवर बंदी घालावी का? तेव्हा 'घालावी' म्हणणारे निघाले ४६ टक्के. परवानगी नाकारायची म्हणजे बंदीच की! तरीही 'बंदी' म्हटल्यावर लोक कचरले. म्हणून मूळ प्रश्न शब्दशः दिलेला नसेल, तर नुसत्या टक्केवारीवर विश्वास ठेवू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं.

आता मुळातली गोष्ट. हे मत बनतं कुठे?

१९४० साली समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत गेले. त्यांनी ६०० मतदार निवडले आणि मे ते नोव्हेंबर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा गाठून विचारत राहिले. अंदाज असा, की रेडिओ आणि वृत्तपत्रांचा प्रचार मतं फिरवत असणार. पण एका बाजूहून दुसऱ्या बाजूला गेलेले फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत प्रचाराने पक्कं झालं. मनाशी ठरवताना लोकांनी ऐकलं ते घरच्यांचं, मित्रांचं, कामावरच्या सोबत्यांचं. प्रत्येक थरात काही माणसं अशी सापडली, की जी बातम्या बारकाईने वाचत, ऐकत, आणि बाकीचे त्यांना विचारत.

माध्यमांची ताकद दुसरीकडे दिसली. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल इथे मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी अजून मत न ठरवलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं. बातम्यांत ज्या विषयांना जास्त जागा, तेच लोकांच्या यादीतही वर होते.

(पडद्यावर : धावत्या रेल्वेचा डबा)

आणि बोललंच जात नाही ते मत? पश्चिम जर्मनीत जनमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी त्यासाठी एक प्रश्न तयार केला. समजा, पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे आणि सहप्रवासी एका वादग्रस्त विषयावर बोलू लागला. तुम्ही गप्पांत भाग घ्याल, की टाळाल? त्यांचं म्हणणं असं, की आपली बाजू मागे पडतेय असं वाटणारी माणसं गप्प बसतात. ती गप्प बसली, की ती बाजू आहे त्याहून दुबळी दिसते. मग आणखी काहीजण गप्प होतात. यावर अभ्यासकांचे वाद आजही चालू आहेत. पण कोणती बाजू पुढे आणि कोणती मागे, हे लोकांना कळण्याची एक मोठी वाट म्हणजे छापून येणारे सर्वेक्षणांचे आकडेच आहेत.