अद्भुत कुठून येते? फॅन्टसी कादंबऱ्यांच्या शोधाविषयी

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित रूप)

मित्रहो, फॅन्टसी वाचायची आहे, पण सुरुवात कुठून करावी, असे मला अनेक जण विचारतात. विचारणाऱ्याजवळ बहुधा शंभर सर्वोत्कृष्ट कादंबऱ्यांची एखादी यादी असते आणि यादीच्या वरच्या टोकाला त्याच चार-पाच जाडजूड मालिका असतात. मीही याच वाटेने गेले होते. पहिला खंड कसाबसा संपवला, दुसऱ्या खंडातल्या राजघराण्यांच्या वंशावळी लक्षात ठेवता ठेवता दमले आणि हा प्रकार आपल्यासाठी नाही, असे ठरवून तीन वर्षे त्या कपाटाकडे फिरकले नाही. त्या तीन वर्षांची हळहळ मला आजही वाटते, कारण दोष त्या मालिकेचा नव्हता आणि माझ्या आवडीचाही नव्हता. पुस्तक निवडताना मी 'सर्वांत गाजलेले कोणते' एवढेच पाहिले होते.

पुस्तकांच्या दुकानात या कादंबऱ्या 'एपिक' (भव्य), 'अर्बन' (शहरी), 'डार्क' (काळोखी), 'कोझी' (उबदार) अशा चिठ्ठ्यांखाली मांडलेल्या दिसतात. या चिठ्ठ्या निरुपयोगी नाहीत, पण त्या नेपथ्य किंवा सूर सांगतात, अद्भुत आपल्यापर्यंत कसे पोचते, ते सांगत नाहीत. त्याहून उपयोगी वर्गवारी मला अभ्यासक फारा मेंडलसन यांच्या 2008 सालच्या 'रेटरिक्स ऑफ फॅन्टसी' या ग्रंथात सापडली. कथेत अद्भुत कोणत्या वाटेने येते, एवढेच त्या पाहतात. काही कादंबऱ्यांत पात्र ओळखीच्या परिसरातून अनोळखी जगात जाते आणि त्याच्याबरोबर आपणही एकेक गोष्ट शिकत जातो. काहींत पहिल्या ओळीपासून आपण त्या जगातच असतो आणि कोणी काही समजावून सांगत नाही. काहींत अद्भुत आपल्या घडी बसलेल्या जगात घुसते. आणि काहींत ते उंबरठ्यावर उभे असते, आत येते की नाही, हे शेवटपर्यंत नक्की होत नाही. यांपैकी आपल्याला कोणती वाट मानवते, हे एकदा कळले की शोध निम्म्याने सोपा होतो.

टोल्कीन यांची 1954-55 मध्ये तीन खंडांत आलेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मेंडलसन पहिल्या प्रकारात घालतात. तिथे दुसऱ्या जगाचे दार उघडत नाही, हे खरे, पण शायर हा हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचा घरगुती मुलूख सोडला की पुढचे सारे त्यांना आणि आपल्याला सारखेच नवे असते. ज्यांना प्रवासवर्णन आवडते, ज्यांना वाट, डोंगर आणि मुक्काम सविस्तर हवे असतात, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. ज्यांचा जीव पानभर लांबलेल्या वर्णनात घुसमटतो, त्यांनी ती बाजूला ठेवायला मुळीच संकोचू नये.

अशा वाचकाच्या हातात मी उर्सुला ल ग्विन यांची 1968 सालची 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' ठेवते. पुस्तक छोटे आहे, पण त्याच्या पहिल्याच प्रकरणात जादूचे सगळे शास्त्र आले आहे. आई नसलेला एक लहान मुलगा, डनी, मावशीला काही शब्द उच्चारताना ऐकतो. झोपडीच्या छपरावरून उतरायला तयार नसलेली शेळी ते शब्द ऐकताच खाली येते. दुसऱ्या दिवशी डोंगरावर शेळ्या राखताना तो तेच शब्द ओरडतो. शेळ्या येतात, निमूटपणे, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत, आणि मग त्या जातच नाहीत. त्या त्याला चहूबाजूंनी खेटून दाटीने उभ्या राहतात. घाबरून तो गावाकडे पळतो, तर सारा कळप त्याला वेढून त्याच्याबरोबर धावतो. बोलावण्याचा शब्द त्याला कळलेला असतो, सोडण्याचा कळलेला नसतो. पुढे हाच मुलगा गेड नावाने जादूच्या विद्यालयात जातो आणि सहाध्यायाशी लागलेल्या ईर्ष्येपोटी एक भयंकर सावली या जगात बोलावून बसतो, तेव्हा आपल्याला शेळ्यांचा तो कळप आठवतो. या कादंबरीत जादूची किंमत कोणीतरी मोजतेच, आणि माझ्या मते चांगल्या फॅन्टसीची पहिली खूण हीच आहे. जिथे मंत्र म्हटला की अडचण सुटते, तिथे कथेला वजन राहत नाही. जाता जाता आणखी एक गोष्ट सांगते. ही कथा घडते त्या अर्थसी या द्वीपसमूहातले बहुतेक लोक, नायकासकट, सावळे वा तांबूस वर्णाचे आहेत आणि गोऱ्या वर्णाचे आहेत ते बाहेरून चाल करून येणारे. 1968 साली असे लिहिणे सोपे नव्हते.

दुसऱ्या वाटेचे, म्हणजे न समजावता आत ओढून घेणारे उदाहरण एन. के. जेमिसिन यांच्या 'द फिफ्थ सीझन' या 2015 सालच्या कादंबरीचे. तिथे भूकंप आवरू शकणारी माणसे आहेत आणि समाजाला त्यांची गरजही आहे, धास्तीही आहे. निवेदनाचा काही भाग नायिकेला 'तू' असे संबोधून लिहिलेला आहे. पहिली पन्नास पाने गोंधळायला होते, ती धीराने वाचावीत. ही एका मालिकेतली पहिली कादंबरी, आणि त्या मालिकेतल्या तिन्ही कादंबऱ्यांना 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षे विज्ञानकथा व फॅन्टसीसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

घुसखोरीच्या वाटेवरचे माझे सर्वांत लाडके पुस्तक मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. होप मिरलीस यांची 'लड-इन-द-मिस्ट' 1926 साली निघाली, विस्मरणात गेली आणि 1970 मध्ये अमेरिकेत पुन्हा छापली गेली. शेजारच्या परीलोकातून एका सुखवस्तू व्यापारी नगरात चोरून फळे येतात आणि ती खाणाऱ्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. पण परीलोक हा शब्दही तिथे अश्लील मानला जातो, म्हणून कायद्याच्या कागदोपत्री त्या फळांना रेशमी कापड समजून चोरट्या आयातीचे खटले चालवले जातात. प्रतिष्ठित समाज नकोशा गोष्टीचे नाव बदलून स्वतःची कशी समजूत घालतो, हे मी एवढ्या नेमकेपणाने क्वचितच वाचले आहे.

हे वाचताना मला आपलीच आठवण होते. बाबा पदमनजींची वास्तवाकडे पाहणारी 'यमुनापर्यटन' 1857 सालची आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' 1861 सालची, म्हणजे मराठी कादंबरीच्या दोन्ही वाटा चार वर्षांच्या अंतराने सुरू झाल्या. पुढे मान मिळाला तो वास्तवाच्या वाटेला, आणि 'अद्भुतरम्य' हे विशेषण समीक्षेत जवळजवळ कमीपणाचे ठरले. आजही चाळिशीतला मराठी वाचक फॅन्टसी मागताना मुलांसाठी हवी असल्याचे सांगतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विनोदी फॅन्टसीविषयी थोडक्यात सांगते. टेरी प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत आणि त्या क्रमाने वाचायची गरज नाही. 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून सुरुवात करावी. 1993 सालच्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. त्याचा पगार महिना 38 डॉलर आणि चांगले बूट 50 डॉलरचे, म्हणून त्याला 10 डॉलरचे, एक-दोन मोसमांत गळणारे बूट पुनःपुन्हा घ्यावे लागतात. चांगले बूट दहा वर्षे टिकतात, आणि तेवढ्या काळात गरीब माणूस 100 डॉलर खर्चूनही ओल्या पायांनीच चालतो. गरिबीचे अर्थशास्त्र ड्रॅगनच्या जगात इतक्या सहजतेने सांगितलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आता शोधाची रीत. पुरस्काराच्या विजेत्यापेक्षा अंतिम यादी पाहावी, आणि मत कोण देते, तेही पाहावे. ह्यूगो जागतिक विज्ञानकथा संमेलनाच्या सभासदांच्या मतांनी ठरतो, नेब्युला लेखक ठरवतात आणि 1975 पासून दिला जाणारा वर्ल्ड फॅन्टसी पुरस्कार परीक्षक मंडळ ठरवते. श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' मला नेब्युलाच्या यादीमुळेच भेटली. तिच्यात मुलगा जन्मताच आई त्याची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून तोडून टाकते. कोणत्याही पुस्तकाची पहिली वीस पाने उभ्याने वाचावीत आणि अद्भुत कोणत्या वाटेने येते आहे, ते ओळखावे. आवडलेल्या लेखकाने स्वतः कोणाला वाचले, हे त्याच्या मुलाखतीत शोधावे. मालिका असेल, तर पहिले पुस्तक स्वतंत्रपणे पुरे होते का, हे विचारून घ्यावे.

सुझॅना क्लार्क यांची 2020 सालची 'पिरानेसी' मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती कोणत्याच खणात नीट बसत नाही. असंख्य दालनांचे, पुतळ्यांचे घर, त्यात येणारी समुद्राची भरती आणि रोजनिशी लिहिणारा एक माणूस, एवढ्यावर ती सुरू होते. तो वर्षांना आकडे देत नाही, ज्या वर्षी अल्बट्रॉस पक्षी आला, ते त्या पक्ष्याचे वर्ष. आपल्याच रोजनिशीत, आपल्याच हस्ताक्षरात, आपल्याला न आठवणाऱ्या नोंदी त्याला सापडतात. याहून अधिक मी सांगणार नाही.

आज उल्लेख केलेली पुस्तके बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. मिरलीस यांची प्रत माझी स्वतःची आहे आणि तिची शिवण सुटत आली आहे, म्हणून ती कृपया इथेच बसून वाचावी. बाकीची घरी नेता येतील.