बुळबुळीत थराची रसायनं

श्रोतेहो, नमस्कार. कारखान्यातल्या नळ्यांत, टाक्यांत बुळबुळीत थर धरला की तो खरवडून काढतात. औषधांच्या किंवा अन्नाच्या कारखान्यात ते योग्यच आहे. पण हाच थर, म्हणजे जिवाणूंचं जैवपटल, रसायनं बनवायच्या कामी लावता येतं, आणि त्याकडे आपण लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

युक्ती जुनीच आहे. 1823 साली जर्मनीत शुत्सेनबाख यांनी व्हिनेगर झटपट करण्याची पद्धत काढली. उंच पिंपात बीचच्या लाकडाचे छिलपे भरायचे, वरून मद्यार्क मिसळलेलं पाणी सोडायचं, खालून हवा येऊ द्यायची. आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताटीवरून पाणी झिरपतं ना, अगदी तसं. छिलप्यांवर ॲसिटोबॅक्टर जिवाणूंचा थर बसतो आणि झिरपणाऱ्या मद्यार्काचं ॲसिटिक आम्ल करतो. व्हिनेगर काढून घेतलं तरी जिवाणू छिलप्यांना चिकटून जागेवरच. दर घाण्याला नवे वाढवायला नकोत.

खरी गंमत पुढे आहे. थर्माकोल ज्यापासून बनतं ते स्टायरिन जिवाणूंना विषारी. पेशीच्या आवरणात शिरून ते ढिलं करतं. पाण्यात सुटे तरंगणारे जिवाणू त्यात फार टिकत नाहीत. थरातले मात्र तग धरतात. स्वतःच स्रवलेल्या शर्करा-प्रथिनांच्या चिकट लगद्यात ते रुतलेले असतात. काही मेले तरी उरलेले वाढून जागा भरून काढतात. जर्मनीतल्याच संशोधकांनी स्युडोमोनास जिवाणूंचा थर नळीच्या आत वाढवला आणि त्याच्याकडून स्टायरिनपासून स्टायरिन ऑक्साइड हे औद्योगिक रसायन काही आठवडे सलग करून घेतलं.

अडचण आहे ती प्राणवायूची. थर जाड झाला की तळापर्यंत हवा पोचत नाही, नळी तुंबते, तुकडे सुटून वाहून जातात. फार पातळ ठेवला तर माल कमी निघतो.

नागपुरात रसायनं बनवायची आणि जिवाणूंचा थर सांभाळायची, अशा दोन्ही विद्या आहेत. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, 1942 पासून रासायनिक तंत्रज्ञान शिकवते. 1958 साली सुरू झालेली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, सांडपाण्याचा अभ्यास करते, आणि सांडपाण्याच्या ठिबक गाळण्यांत दगडांवर असाच थर राबत असतो. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, एकमेकांच्या प्रयोगशाळेत जा. शिक्षकांच्या देखरेखीखाली काचनळीत निरुपद्रवी जिवाणूंचा थर वाढवा आणि पाण्याचा वेग बदलला की त्याची जाडी कशी बदलते, ते मोजून पाहा.